पाषाण आणि परिपाठ

कोणत्याही तालुक्याच्या गावाचा विकास आराखडा उघडून पाहिला, तर रस्ते, नाल्या आणि पाणीपुरवठा यांच्या खालोखाल ‘सुशोभीकरण’ या नावाचे एक प्रकरण हटकून आढळते आणि त्या प्रकरणात चौकातील पुतळा, कारंजे, रंगीत दिवे, संरक्षक भिंतीवरील चित्रे आणि अलीकडे गावाच्या नावापुढे लाल बदाम लावून उभारलेली ती प्रचंड अक्षरे, यांसाठी रकमेची तजवीज केलेली असते. या खर्चाला विरोध करण्याचे मला कारण नाही. गावाने सुंदर दिसू नये असे कोण म्हणेल? तथापि ज्या वस्तूस आपण लोककला अथवा सार्वजनिक शिल्प म्हणून मान द्यावयाचा, ती ठेकेदाराने काम पूर्ण झाल्याचा दाखला घेतला त्या दिवशी पूर्ण होते, ही जी समजूत आपल्या कचेऱ्यांतून रूढ झाली आहे, ती मला मुळातच चुकीची वाटते. असे शिल्प पूर्ण करण्याचे काम त्याच्यापाशी वर्षानुवर्षे येणारी, बसणारी, फूल वाहणारी, वाद घालणारी माणसे करीत असतात. आणि ती माणसे येईनाशी झाली की उत्तमोत्तम पाषाणही केवळ बांधकाम खात्याच्या दप्तरातील एक नोंद होऊन राहतो.

या विधानाची परीक्षा पाहावयाची असेल तर वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरील तळेगावाहून उत्तरेस वळले की हे गाव लागते. जहांगीर बादशहाच्या अमदानीत आष्टी, आमनेर, पवनार आणि तळेगाव हा मुलूख महंमदखान नियाझी नावाच्या अफगाण सरदारास जहागीर म्हणून मिळाला. ओसाड पडलेले आष्टी त्याने पुन्हा वसविले आणि भोवतालची जमीन लागवडीस आणली, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. १६२७ साली तो निवर्तल्यावर त्याच्या थडग्यावर मोगल पद्धतीची एक देखणी इमारत उठविण्यात आली आणि १६५१ साली त्याचा वारस अहमदखान गेला तेव्हा तिच्याच शेजारी तशाच घाटाची, किंचित लहान अशी दुसरी. दिल्ली-आग्र्याच्या कारागिरीचा हा अंश वर्धेच्या काळ्या मातीत असा एकाकी उभा राहिलेला पाहून आजही विस्मय वाटतो. परंतु त्या दोन वास्तू एका घराण्याच्या वैभवाच्या साक्षी होत. घराण्याची सत्ता ओसरली तसा तेथील राबताही ओसरला आणि आता त्यांच्याकडे येणारा मनुष्य बहुधा इतिहासाचा जिज्ञासू असतो किंवा सावली शोधणारा.

याच आष्टीला आज मराठी मनुष्य ‘आष्टी शहीद’ म्हणून ओळखतो, ते मात्र नियाझी सरदारांमुळे नव्हे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत राष्ट्रीय नेत्यांची धरपकड झाल्यानंतर तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आधीच पेटलेला हा सारा प्रदेश खवळून उठला आणि १६ ऑगस्ट रोजी, म्हणजे श्रावण शुद्ध पंचमीस, ज्या दिवशी चिमुरात उठाव झाला त्याच दिवशी, आष्टीचे व आसपासच्या खेड्यांतील लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. ठाण्यातून गोळीबार झाला, माणसे पडली, संतापलेल्या जमावाने ठाण्यावर हल्ला केला आणि त्यात फौजदारासह पोलीस शिपाईही प्राणास मुकले. हुतात्म्यांत डॉ. गोविंद मालपे होते, पंची गोंड होते, रशीद खान होते. गावाच्या वस्तीची ही जणू यादीच. तिच्यात वैद्यकी करणारा, आदिवासी आणि मुसलमान असे सगळे एका ओळीत आले. पुढे चिमूर-आष्टी खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या; त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी देशभर खटपट केली आणि १९४५ साली उरलेल्या शिक्षा जन्मठेपेवर आल्या.

आष्टीत हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि त्या स्मारकाशी नागपंचमीची तिथी जोडली गेली आहे, ही गोष्ट मला वास्तूच्या घडणीपेक्षा अधिक मोलाची वाटते. सरकारी रिवाजाने १६ ऑगस्ट ही तारीखच तेवढी धरली असती, तर १५ ऑगस्टच्या दुसऱ्याच दिवशी येणारा, आदल्या दिवशीच्या ध्वजवंदनाने दमलेला, मास्तरांनी रांगेत उभ्या केलेल्या मुलांचा एक कार्यक्रम तिच्या वाट्याला आला असता. नागपंचमी लक्षात ठेवण्यास परिपत्रक लागत नाही. त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगर धरायचा नाही, विळीवर भाजी चिरायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, हे आमच्या घराघरांतील बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणि ज्या दिवशी साध्या किड्यालाही इजा होऊ नये म्हणून लोखंड हाती घेण्यास मनाई, नेमक्या त्याच दिवशी गावाच्या रस्त्यावर मनुष्याचे रक्त सांडले, हा विरोध कोणी व्याख्यान देऊन समजावून सांगावा लागत नाही. सण आणि शोक एकाच तिथीवर येऊन बसल्यामुळे स्मरणास आपोआप घरचे अधिष्ठान मिळाले.

शिवाय नागपंचमी हा मुळातच चित्राचा सण आहे, हे विसरून चालणार नाही. पाटावर वा भिंतीवर गंधाने, गेरूने, कोठे कोळशाने नागाची आकृती काढायची, तिला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि पुढे ती पुसली गेली तरी हळहळायचे नाही, कारण पुढील वर्षी दुसरा हात ती नव्याने काढणारच असतो. विदर्भातील लोकांची सार्वजनिक कला बहुतांशी अशीच आहे. ती टिकते ती पुनरावृत्तीने, पदार्थाच्या टणकपणाने नव्हे. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगतात; म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे बांबू, कागद आणि कापड यांच्या त्या अवाढव्य मूर्ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळल्या जात आहेत, आणि तरी मारबत नष्ट झाली असे कोणी म्हणत नाही. तिच्यासोबत निघणाऱ्या बडगे नावाच्या पुतळ्यांवर तर त्या त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराची, महागाईची, पुढाऱ्यांच्या कोलांटउड्यांची अशी काही कैफियत मांडलेली असते की वर्तमानपत्राच्या अग्रलेखकाने लाजावे. (मी स्वतः त्या लाजणाऱ्यांपैकी एक.) आमच्याच जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा घ्या: लाकडी नंदी सजवून पोरे बाहेर पडतात आणि सुतारकामाचा एक नमुना त्या दिवसापुरता गावाचे दैवत होतो. या साऱ्यात कलावंत कोण, असा प्रश्न विचारला तर गावकरी तुमच्याकडे विस्मयाने पाहतील.

मात्र विधी म्हटला की गलबला, ढोल आणि गुलाल यांचेच चित्र डोळ्यांपुढे यावे, हेही अपुरे आहे. आष्टीहून वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरले की गुरुकुंज मोझरी लागते. तेथे तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीस दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे १९६८ साली ज्या वेळी त्यांनी देह ठेवला त्या वेळी, असंख्य माणसे उभ्या जागी स्तब्ध होतात आणि रस्त्यावरची वाहनेही थांबतात. एवढ्या मोठ्या समुदायाचे मौन हेच तेथील शिल्प म्हणावयाचे. महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत मूर्ती नाही. एक आसन मांडलेले असते आणि ते रिकामे असते. सेवाग्रामला बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी हातांनी उठविलेली ताडाची झाडे, मोर आणि चरखा आहेत, ती पाहताना त्यांच्या साधेपणामुळे प्रेक्षक आपोआप हळू बोलू लागतो. वर्ध्याच्या गोपुरीत १९८० साली विनोबांच्या उपस्थितीत खुले झालेले गीताई मंदिर तर छप्परावाचून आणि मूर्तीवाचून उभे आहे. शिळांवर कोरलेले श्लोक वाचीत माणसाने आपल्या गतीने पुढे सरकावे, एवढीच तेथील पूजा. एका जिल्ह्याच्या आसमंतात रिकाम्या जागेचे इतके नाना प्रयोग झालेले असताना आम्ही अजून प्रत्येक मोकळ्या चौकात काहीतरी ठासून भरण्याच्या मागे का लागावे, हे कोडे मला सुटलेले नाही.

राज्याने स्मारकांचा मार्ग चोखाळून पाहिलाच नाही, असे नाही. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुख्यमंत्री अंतुले यांच्या कारकीर्दीत मंजूर झालेल्या योजनेखाली महाराष्ट्रभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके उभी राहिली. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु मुंबईत एक नमुना मुक्रर करावयाचा आणि कोकणापासून विदर्भापर्यंत तो जसाच्या तसा उठवायचा, या पद्धतीने गावागावांच्या आठवणींतील वेगळेपण त्या भिंतींत शिरण्यास वाव राहिला नाही. आणि इमारत कोणाच्या ताब्यात, दिवाबत्तीचा खर्च कोणी करावयाचा, कुलपाची किल्ली कोणाकडे, या बाबींचा निकाल न लागल्याने पुष्कळ ठिकाणी पत्रे गळू लागले, गवत वाढले आणि आवारात पत्त्यांचे डाव रंगले. याचा दोष गावकऱ्यांच्या कृतघ्नतेला देणे फार सोयीचे आहे. ज्या वास्तूत आपण काय करावयाचे, हे कोणी ठरविलेच नाही, तिच्याबद्दल आपलेपणा उपजत नसतो.

आता चिंतनाविषयी, कारण विधीपेक्षा ते अधिक दुर्घट आहे. विधी आपल्याला एकत्र आणतो. पण एकत्र आल्यावर सर्वांनी तेच ते वाक्य म्हणायचे आणि पांगायचे, असे झाले तर स्मारक कितीही गजबजलेले असो, तेथे विचार मात्र होत नाही. आष्टीच्या इतिहासात एक अवघड गाठ आहे: ज्या दिवशी निःशस्त्र माणसे गोळ्यांना बळी पडली, त्याच दिवशी ज्यांनी सरकारी गणवेश चढविला होता अशी आपलीच माणसे जमावाच्या हातून मारली गेली. गांधींचे वास्तव्य असलेल्या जिल्ह्यात, अहिंसेचा उच्चार करीत निघालेल्या चळवळीत, हे घडले. हुतात्म्यांचे तेज याने रतिभरही कमी होत नाही. गोळीबार ज्यांनी केला वा करविला, त्यांच्या सत्तेची अन्यायमूलकताही याने पुसली जात नाही. परंतु या गाठीचा उल्लेख टाळून दरवर्षी फक्त जयघोष करणारे स्मरण हळूहळू पोकळ होत जाते आणि शाळकरी पोरांना ते पोकळपण फार लवकर कळते. त्या ठाण्यातल्या शिपायांच्या घरीही त्या दिवशी नागपंचमीचा सण होता, ही गोष्ट स्मारकाच्या आवारात एखाद्या वृद्धाने मुलांना सांगितली, तर मला तरी ती देशद्रोहाची वाटणार नाही.

म्हणून माझी सूचना अगदी मर्यादित आहे आणि तिला फार मोठ्या रकमेची मंजुरीही लागणार नाही. आष्टीच्या नगरपंचायतीने, आणि तिचे पाहून इतर गावांनी, सुशोभीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव मांडताना त्यास एक जोडपत्र लावावे: हे शिल्प, हे चित्र, ही भिंत ज्या दिवशी वापरली जाईल तो दिवस कोणता, तेथे कोण येतील, काय करतील आणि त्या जागेची झाडलोट कोणत्या मोहल्ल्याकडे असेल. या रकान्यांत उत्तर लिहिता आले नाही, तर निविदा काढू नये. स्मारकापाशी एक भिंत मुद्दाम कोरी ठेवून, दर नागपंचमीस गावातील बायकांनी व मुलांनी त्या वर्षी जे सुचेल ते गेरूने काढावे आणि पुढल्या श्रावणात ती पांढरी करावी. नामवंत चित्रकाराकडून कायमचे चित्र करून घेण्याचा मोह आवरावा. आणि त्याच दिवशी मिरवणूक निघत असेल तर तिने नियाझींच्या त्या दोन मकबऱ्यांपर्यंत जावे, कारण ज्या गावाने रशीद खानाचे नाव पंची गोंडाच्या नावाशेजारी मांडले, त्या गावाला आपला सतराव्या शतकातील कारागीर परका ठरविण्याचे काही प्रयोजन नाही.

यावर हरकत येईल ती मला दिसते. विधी ठरवून आणता येत नाही, तो ठरावाने जन्मास घातला की त्याचेही दप्तर होते. हरकत खरी आहे आणि तिला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. इतकेच म्हणतो की मारबतही कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा काढली आणि मोझरीचे मौनही कोणीतरी पहिल्यांदा पाळले. तेव्हा ते लोकांना पटले म्हणून दुसऱ्या वर्षी झाले, पटले नसते तर थांबले असते. कोऱ्या भिंतीचेही तसेच होवो. दोन-तीन श्रावणांत कोणी गेरू घेऊन फिरकलाच नाही, तर नगरपंचायतीने तो ठराव निमूटपणे रद्द करावा. त्या शिपायांची नावे हुतात्म्यांच्या शिळेपासून चार पावले दूर का होईना, लिहावीत की नाही, याचा निकालही मुंबईच्या कचेरीने वा माझ्यासारख्या बाहेरच्या लेखकाने देऊ नये. आष्टीकरांनी आवारात बसून, भांडून, हवे तर चार वर्षे भांडून, तो द्यावा.