लॅपटॉपवरचा ढोलक आणि आपली मराठी

दोन वर्षांपूर्वी मी एक गाणे घेऊन शहरातल्या एका स्टुडिओत गेलो होतो. शब्द मराठी, चाल माझी. तिथल्या गृहस्थांनी माझे नाव विचारले, कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "तुम्ही कव्वाली का नाही करत? तुमच्या आवाजाला शोभेल." माझा आवाज त्यांनी अजून ऐकला नव्हता. ऐकले होते ते फक्त नाव.

कव्वाली मला मनापासून आवडते, म्हणून त्यांच्याशी वाद घातला नाही. पण पवनारला परत येताना ठरवले की हे गाणे आता घरीच करायचे. त्या निर्णयातून जे शिकलो ते तुमच्यासमोर ठेवतो, कारण मला वाटते की हा प्रश्न माझ्या एका गाण्यापुरता नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी पुण्यातली, पण बरेचसे काम घरून. सामान म्हणाल तर ऑफिसच्या कामासाठी घेतलेला लॅपटॉप, हेडफोन, पंचवीस पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड, एक माइक आणि तो लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस. स्टुडिओ म्हणजे गाद्या-रजयांची खोली. रजया आवाज शोषून घेतात, त्यामुळे खोली घुमत नाही. रेकॉर्डिंग रात्री, पंखा बंद करून. सकाळी शेजारच्या काकू विचारतात, "राती काय वाजवून राह्यला होता रे बाबू?"

ज्यांनी हे कधी केले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिडी ही पद्धत 1983 पासून चालत आली आहे. कीबोर्ड लॅपटॉपला आवाज पाठवत नाही, सूचना पाठवतो: कोणता स्वर, 1 ते 127 यांपैकी किती जोर, कधी दाबला, कधी सोडला. त्या सूचनेवरून सॉफ्टवेअरमधले वाद्य वाजते. कुणीतरी खऱ्या वाद्याचा एकेक स्वर रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, तोच आपल्याला ऐकू येतो. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर सेटिंगवर अवलंबून असतो. 44,100 च्या सॅम्पल रेटवर 256 चा बफर ठेवला तर त्या बफरचा उशीर साधारण सहा मिलिसेकंद होतो. तो हाताला जाणवत नाही. यात जादू काही नाही. बारावी झालेला कुणीही महिनाभरात शिकू शकतो.

सॉफ्टवेअर चोरून वापरू नका. कॉलेजच्या होस्टेलवर मी एका महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत टाकली होती. तिच्यासोबत व्हायरस आला आणि वर्षभराच्या चाली गेल्या. एलएमएमएस पूर्ण मोफत आहे, आर्डर मुक्त सॉफ्टवेअर आहे. सुरुवातीला एवढे पुरते.

पहिली चाल तयार झाली तेव्हा दादीला ऐकवली. दादीने उभ्या आयुष्यात लग्नाच्या किती हळदींना ढोलक वाजवला असेल, हिशेब नाही. तिची गाणी अर्धी आपल्या घरच्या बोलीत आणि अर्धी वऱ्हाडी मराठीत. तिने हेडफोन कानाला लावला, मिनिटभर ऐकले आणि म्हणाली, "इतना बराबर कौन बजाता है रे?"

तिचे म्हणणे खरे होते. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाचे बटण असते. ते प्रत्येक ठोका घड्याळाच्या जागेवर नेऊन बसवते. मी ते दाबले होते, शिवाय सगळे ठोके एकाच जोराचे ठेवले होते. शेवटी दादीच्याच हातात ढोलक दिला, समोर माइक ठेवला आणि तिचे ठोके एकेक करून रेकॉर्ड केले: मोकळा, दाबलेला, बोटाने हलकेच मारलेला. आता माझ्या सॉफ्टवेअरमधला ढोलक दादीचा आहे.

स्वरांचेही तसेच. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, प्रत्येक 100 सेंटचा. त्यावरचा शुद्ध गंधार सा पासून 400 सेंटवर येतो. तानपुऱ्याशी जुळवून गायलेला गंधार साधारण 386 वर येतो. पेटीला मींड काढता येत नाही आणि तिचे सूरही असेच ठोकळ, म्हणून 1940 पासून काही दशके आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. लॅपटॉपमध्ये मात्र प्रत्येक स्वर हवा तिथे सरकवता येतो, मींडही घेता येते. फक्त कान तयार हवा.

हा कान आपल्याच राज्यात घडलेला आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेकडचे. ते मिरजेत राहिले, तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले. श्रुतींचा अभ्यास करणाऱ्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांना त्यांनी त्या गाऊन दाखवल्या. मराठी नाट्यपदे त्यांनी गायली आणि ती रेकॉर्डवर आहेत. त्याच मिरजेत पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्ये बनवायला घेतली. पंढरपूरकडचे भोपळे आणून ही घरे आजही सतार आणि तानपुरे घडवतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून सभा जागवणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. तेव्हा मराठी गाणे आपल्यासाठी परके आहे, असे कुणी म्हटले तर त्याला मिरज आणि बार्शी दाखवा.

आता पवनारबद्दल. विनोबा 1938 मध्ये इथे धामच्या काठी राहायला आले. त्यांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला आणि पुढे 'कुराण सार' काढले, हे आमच्या गावातल्या मुसलमान मुलाला लहानपणीच कळते. पण इथला दुसरा धडा हाताच्या कामाचा आहे. गरजेची वस्तू शक्यतो स्वतः तयार करावी. घरातला स्टुडिओ मला चरख्यासारखा वाटतो. मात्र एक अडचण आहे. इंटरनेटवर तयार लूप विकत मिळतात. तबला, सतार, 'अरेबियन मूड' सगळे पाकिटात. तेच लूप एकावर एक ठेवून गाणे करणे म्हणजे बाजारातले सूत आणून ते मी कातले असे सांगणे. ओरिजिनल म्हणायचे असेल तर निदान चाल, शब्द आणि एखादा तरी आवाज आपला असावा.

हे मी आग्रहाने का सांगतो? कारण आपल्याविरुद्धची गाणीही अशाच खोल्यांत, अशाच सॉफ्टवेअरवर बनतात. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीवर ती मशिदीसमोर वाजतात. शब्द आपल्याबद्दलचे, पण लिहिणारे आपण नसतो. काही दोस्त म्हणतात, आपणही तसेच जबरदस्त उत्तर बनवू. मला ते पटत नाही. शिवीला शिवी जोडली की बीट तोच राहतो, फक्त बाजू बदलते. आपली जागा भरायची असेल तर आपल्या जगण्याची गाणी हवीत: कापसाच्या वेचणीची, एसटी स्टँडवरची, हळदीची, नोकरीच्या मुलाखतीची, भाड्याचे घर शोधताना नाव सांगावे लागते तेव्हाची. आणि ती मराठीत हवीत, म्हणजे शेजारच्या काकूंनाही कळतील.

काहींच्या घरी पहिला प्रश्न असेल, हे जायज आहे का? मी आलिम नाही, फतवा देणार नाही. मतभेद जुना आहे. इमाम गझाली यांनी नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून ऐकणाऱ्याची नियत, वेळ आणि सोबत यांचा विचार केला. माझ्या अब्बांना वाद्ये पटत नाहीत. त्यांच्यासाठी मी एक गाणे नुसत्या गळ्याच्या आवाजांवर केले. सॉफ्टवेअरमध्ये तेही होते. अब्बांशी भांडण्यापेक्षा ते सोपे गेले, आणि ते गाणे माझ्या बाकीच्या गाण्यांपेक्षा चांगले झाले.

म्हणून सुरुवात लहान करा. दोन मिनिटांचे एक गाणे. घरातला एक आवाज रेकॉर्ड करा: पाटा-वरवंटा, पत्र्यावरचा पाऊस, आपाची शिलाई मशीन. शब्द घरात बोलता तसे ठेवा. ज्याचा आवाज घेतला त्याला विचारा आणि त्याचे नाव गाण्याखाली लिहा. प्रोजेक्टची फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा, कारण चाल कुणाची हा वाद निघालाच तर ती उपयोगी पडते.

माझे ते गाणे पूर्ण झाले. खाली माझ्या नावाच्या आधी लिहिले आहे: ढोलक, दादी. तिला ते वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, आता पुढच्या गाण्यात हळदीचे बोलही घे. पुढच्या आठवड्यात माइक लावतो आहे.