मशीन कापड सरकवत नसेल तर

बहिणींनो, मशीन चालतं, पण कापड जागेवरच राहतं आणि टाक्यांचा गुंता होतो. अशा वेळी कापड हाताने ओढू नका; सुई वाकून मोडते. आधी टाक्याची लांबी पाहा. ती शून्यावर असेल तर कापड सरकणारच नाही. मग कापड दाबणारा पाय नीट टेकतो का, त्याचा दाब सैल नाही ना, ते तपासा. भरतकामासाठी दाते खाली केले असतील तर वर घ्या. तरीही अडलं, तर मोटरचा प्लग काढा, सुई काढा, पट्टीचे स्क्रू सोडा आणि दातांत दबलेला धाग्यांचा भुगा ब्रशने काढा. दात्यांवर तेल नको, कापडाला डाग पडतात. दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तरच मिस्त्रीला बोलवा. शिलाईवर घर चालतं तिथे ईदच्या तोंडावर मशीन बंद म्हणजे रोजीच बंद.