तुमचे कान तयार नाहीत म्हणे!

डिजिटल केबलबद्दल माझं मत सरळ आहे. योग्य प्रकारची, धड बनवलेली, लागेल तेवढ्याच लांबीची केबल घ्यावी आणि उरलेले पैसे स्पीकरवर घालावेत.

आमचे चाचा निवृत्त शिक्षक. सीडी प्लेयर नव्या डॅकला, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या डब्याला जोडायला त्यांना एक तार हवी होती. दुकानदाराने काही हजारांची कोॲक्सियल केबल पुढे केली. चाचा मला म्हणाले, "मला दोन्हींत काही फरक वाटला नाही रे. पण तो म्हणाला, सर, कान तयार व्हावे लागतात." रेडिओवर पहिल्या दोन सुरांत गायक ओळखणाऱ्या माणसाला हे ऐकवायचं! पैशांपेक्षा मला याचा जास्त राग आला. गिऱ्हाइकाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला, की त्याला काहीही विकता येतं.

टर्नटेबलच्या तारेतून आवाजाचीच विजेतली नक्कल वाहते, तिथे तारेचा दर्जा जाणवू शकतो. सीडीच्या डिजिटल आउटपुटमधून मात्र आकडे जातात: सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, तेही दोन वाहिन्यांचे. म्हणजे सेकंदाला सुमारे 14 लाख बिट. आजच्या हिशेबाने हे ओझं किरकोळच. केबल खराब असेल तर टकटक होते, आवाज तुटतो किंवा बंद पडतो. तबल्याचा बायाँ तेवढा फिका झाला आणि बाकी सगळं शाबूत, असं होत नाही.

यावर 'जिटर'चा मुद्दा येतो, आणि तो निव्वळ थाप नाही. कोॲक्सियल आणि ऑप्टिकलमध्ये आकड्यांसोबत वेळेची खूणही त्याच तारेतून जाते, ती किंचित डळमळू शकते. पण तिला सावरणं हे डॅकचं काम. असिंक्रोनस यूएसबीवर तर डॅक स्वतःच्याच घड्याळाने चालतो.

निवड गरजेवरून करावी. कोॲक्सियलला 75 ओहमची तार लागते. जुन्या डीव्हीडी प्लेयरची पिवळी व्हिडिओ केबल घरात पडली असेल तर तीही चालते. चाचांना मी तीच लावून दिली. टीव्ही जोडल्यावर स्पीकरमधून घूं-घूं येत असेल तर ऑप्टिकल घ्या. तिच्यातून प्रकाश जातो, दोन यंत्रांत विजेची जोडणीच राहत नाही. फक्त ती कपाटामागे करकचून वाकवू नका, आणि टोकांवरची प्लास्टिकची टोपणं काढायला विसरू नका. साउंडबार असेल तर एचडीएमआय एआरसी सोयीचं, टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो.

एवढं करूनही टीव्हीचा आवाज आला नाही, तर दुसरी केबल आणण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर करून बघा. साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही, आणि आळ येतो बिचाऱ्या केबलवर.