आधी जन्मदाखल्यावर नाव, मग आधार

मी अंगणवाडी सेविका. ओली बाळंतीण माहेरी आली की विचारते, "ताई, बाळाचं आधार कधी काढायचं?" मी उलट विचारते, जन्मदाखल्यावर नाव चढवलंय का? पुष्कळदा नसतं. जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते आणि बारसं तर बाराव्या दिवशी. तेवढ्यात नाव देता येतं. नाहीच जमलं तर वर्षभर ते विनाशुल्क चढवता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बाळांच्या आधारला हा दाखला लागतोच. घाई करायची ती इथे.

निळ्या बाल आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत. जन्मदाखला, फोटो आणि आईचं किंवा बापाचं आधार पुरतं. ठसे पाचव्या वर्षी, पुन्हा पंधराव्या. पाचवं नेमकं राहून जातं.

माझा राग मात्र वेगळाच आहे. आधार नाही म्हणून मूल शाळेतून परत पाठवलं, असं अजूनही कानावर येतं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नाही, असं बजावलंय. ऊसतोडीला गेलेल्या आईच्या तान्ह्याचा पोषण आहार कागदासाठी अडता कामा नये. नोंदणीचं यंत्र घेऊन माणसांनीच वाडीवर यावं. बाळंतिणीने तालुक्याला हेलपाटे का घालायचे?