दुतोंड्या, नागमणी आणि आपली मेस

मागच्या पावसाळ्यात आमच्या होस्टेलच्या मेसमागे साप निघाला. चांगला सहा-सात फुटी. पाच मिनिटांत हॉकी स्टिक, बांबू आणि वर्कशॉपमधला लोखंडी अँगल असं सगळं साहित्य जमलं आणि साप मेला. मग चर्चासत्र सुरू झालं. "नाग होता बे!" "नागीण होती, डोये पाह्यले नाही काय?" "आता जोडी येते न रातच्याला, फोटो निंगते म्हणते डोयात." थर्मोडायनॅमिक्समध्ये डिस्टिंक्शन घेतलेल्या आमच्या एका मित्राने त्या रात्री दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला.

साप होता धामण. बिनविषारी. मेसमागच्या उंदरांवर जगणारी.

मित्रांनो, गोष्टींशी माझं भांडण नाही. 'नगीना' मीही टीव्हीवर तीनदा पाहिलाय. नागपंचमीला भद्रावतीच्या भद्रनाग मंदिरात आजीबरोबर रांगेत उभा राहिलोय, पुढेही राहीन. आणि गोष्टी रचणारे काय आपणच आहोत? तिकडे दूर बेलारूसमध्ये सापांचा राजा असतो, त्याच्या डोक्यावर सोन्याची शिंगं. वाटेत स्वच्छ कापड अंथरलं तर तो त्यावर शिंग टाकून जातो आणि ज्याला ते मिळेल त्याचं नशीब उघडतं म्हणे. आपला नागमणीच की हा! तिथल्या लेपेल गावात तर २०१३ मध्ये 'त्स्मोक' या दंतकथेतल्या अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याचा पुतळा उभारलाय. लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. गोष्ट अशी नांदली तर कुणाचंच काही जात नाही.

आपल्याकडे जातं, ही अडचण आहे. मांडुळाचंच घ्या. शेपटी बोथट, तोंडासारखी दिसणारी. धोका वाटला की हा साप डोकं अंगाच्या वेटोळ्यात लपवतो आणि शेपटी पुढे करतो, म्हणजे घाव बसला तर शेपटीवर बसावा. किती साधी, किती हुशार युक्ती! आपण त्यावरून काय काढलं? दुतोंड्या साप. सहा महिने या तोंडाने चालतो, सहा महिने त्या तोंडाने. पुढे कुणीतरी जोडलं की तो गुप्तधन दाखवतो. बस्स. तेव्हापासून वजनावर त्याचा भाव ठरतो आणि लाखांचे सौदे करणारी माणसं पकडली गेल्याची बातमी अधूनमधून पेपरात येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हा गुन्हा आहे. त्यात गुप्तधन आजवर कुणाला मिळालं, ते मात्र बातमीत कधी नसतं.

पण सगळ्याच गोष्टी निव्वळ थापा नसतात. राजस्थानात 'पीवणा' नावाच्या सापाची दंतकथा आहे. तो रात्री झोपलेल्याच्या छातीवर बसतो आणि श्वास पिऊन जातो. सकाळी माणूस मेलेला, अंगावर जखम नाही. हसू येतं ना? आता आपली मण्यार आठवा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, वेदना जवळजवळ होत नाही, दातांची खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायूच बंद पडतात. म्हणजे पाहणाऱ्याने बरोबर पाहिलं होतं, श्वासच गेला होता! कारण तेवढं चुकलं. आपण त्यातलं निरीक्षण फेकून दिलं आणि भीती जपून ठेवली, असं माझं मत आहे. नाहीतर त्या गोष्टीवरून एवढं तरी शिकलो असतो की पावसाळ्यात फरशीवर गादी टाकून झोपू नये, झोपायचंच तर मच्छरदाणी नीट खोचून. आमच्या विंगमध्ये आजही निम्मे जण फरशीवर झोपतात.

मांत्रिकाचं गणितही असंच. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेल्या दहातले बरेच जण तसेही वाचणारच असतात. नाव मात्र मंत्राचं होतं. उरलेल्यांच्या बाबतीत जो वेळ जातो तो परत मिळत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आणि निम्म्याहून जास्त पावसाळ्याच्या महिन्यांतली. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं गोंडपिपरी, एटापल्ली, सिरोंच्याकडची. हे आकडे आपल्याच घरांतले आहेत. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प चालतो. तिथे डॉ. प्रकाश आमटेंनी जंगलातल्या माणसांवर सर्पदंशाचे उपचार केले आणि साप पाळलेही. एकाच अंगणात दोन्ही जमतं!

ऊर्जानगरात वाघ-बिबटे फिरतात तेव्हा आपण वनविभागाला फोन करतो, हॉकी स्टिक घेऊन धावत नाही. (धावून बघा!) मग सापासाठीच ही मर्दानगी कशाला?

रेक्टर सरांना एक विनंती. मेसच्या फळ्यावर मेनूशेजारी जागा आहे. तिथे सर्पमित्राचा आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. त्याखाली चार ओळी: चावलेली जागा कापू नका, करकचून बांधू नका, हातपाय हलू देऊ नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. आणि मेसमागचं खरकटं रोज उचललं गेलं तर उंदीर कमी होतील. यंदा धामण नाही, त्यामुळे उंदीर भलतेच माजलेत. परवा माझी ड्रॉइंग शीट कुरतडली.