नववी आलेली मुलगी

मुलगी स्पर्धेहून घरी आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'कितवा नंबर आला?' पहिल्या तिनात असेल तर पेढे, नसेल तर 'जाऊ दे, आता अभ्यासाला लाग.' म्हणूनच मैत्रिणींनो, आज मला एका नवव्या नंबराबद्दल लिहायचं आहे.

1998 साली फ्रान्समधल्या आन्सी गावी जागतिक ज्युनियर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. या स्पर्धेत वीस वर्षांखालच्या मुलींसाठी पोल व्हॉल्ट, म्हणजे आपली बांबूउडी, त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवली होती. मुलांसाठी ती 1986 पासून, अगदी पहिल्या स्पर्धेपासून होती. ऑलिम्पिकचं तर विचारूच नका. पुरुषांची बांबूउडी 1896 पासून आणि बायकांची थेट 2000 साली, सिडनीत. मध्ये तब्बल 104 वर्षं गेली! बायकांच्या खांद्यात नि दंडात तेवढी ताकद नसते, असं कारण सांगितलं जाई. खरं तर यात नुसती ताकद पुरत नाही. जोरात धावत यायचं, काठीचं टोक जमिनीतल्या खाचेत रोवायचं, काठी वाकली की तिच्या उसळीबरोबर पाय वर, डोकं खाली करून आडव्या पट्टीवरून पलीकडे जायचं आणि ऐन वेळी काठी सोडून द्यायची. वेग, तोल आणि धाडस, तिन्ही लागतं. पण मैदानात उतरूच दिलं नाही, तर जमतं की नाही हे कळणार कसं?

आन्सीला उतरलेल्या मुलींत रशियाच्या व्होल्गोग्राड शहरातली सोळा वर्षांची येलेना इसिनबायेवा होती. वडील प्लंबर. पाचव्या वर्षापासून ती जिम्नॅस्टिक्स करायची, पण पंधराव्या वर्षी उंची फार वाढली म्हणून ते सुटलं. दहा वर्षांची मेहनत वाया गेली, असं कुणालाही वाटलं असतं. पण हवेत उलटं होऊन तोल सांभाळण्याची तीच सवय बांबूउडीत कामाला आली. पोल हाती घेऊन जेमतेम वर्ष होत होतं, तरी आन्सीत ती 4 मीटर, म्हणजे तेरा फुटांवर उडाली. नंबर आला नववा. पदक 10 सेंटिमीटरनं, अर्ध्या वितीनं हुकलं.

पुढे 2000 च्या सप्टेंबरात सिडनी ऑलिम्पिकला ती पात्रता फेरीतच बाद झाली. पण महिनाभरातच, ऑक्टोबरात, चिलीतल्या सांतियागोला ज्युनियर स्पर्धेत 4.20 मीटर उडी मारून तिनं सुवर्णपदक घेतलं. नंतर 2004 आणि 2008 चं ऑलिम्पिक सुवर्ण तिचंच. 2005 मध्ये 5 मीटर ओलांडणारी ती पहिली बाई ठरली. 2009 मध्ये झुरिकला तिनं केलेला 5.06 मीटरचा विश्वविक्रम पंधरा वर्षं उलटून गेली तरी तुटलेला नव्हता.

उलट उदाहरणही आहे. स्वीडनची अँजेलिका बेंग्टसन 2010 आणि 2012, दोन्ही ज्युनियर स्पर्धांत पहिली आली. नंतरही ती वर्षानुवर्षं उत्तम खेळली, पण ऑलिम्पिक पदक काही मिळालं नाही. म्हणजे सोळा-अठराव्या वर्षीचा नंबर पुढचं सगळं सांगत नाही, ना पहिला, ना नववा.

आता आपल्याकडे बघू. 2022 च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तमिळनाडूच्या रोझी मीना पॉलराजनं 4.20 मीटर उडी मारून व्ही. एस. सुरेखाचा 2014 चा 4.15 मीटरचा राष्ट्रीय विक्रम मोडला. कौतुकाचीच गोष्ट. हा विक्रम पुढे आणखी थोडा वरही गेला. पण 4.20 ही उंची सांतियागोत अठरा वर्षांच्या मुलीनं बावीस वर्षं आधी गाठली होती. आपल्या पोरी कमी पडतात म्हणून हे झालं, असं मला मुळीच वाटत नाही. या खेळाला जाड गादी लागते, आपल्या वजनाला साजेसा पोल लागतो, उंची वाढली की दुसरा पोल लागतो आणि शिकवणारा माणूस लागतो. तालुक्याच्या किती मैदानांवर हे सगळं आहे? गादीच नसेल तर कुठली आई मुलीला तेरा फुटांवरून पडू देईल? तिची भीती बरोबरच आहे. तेव्हा प्रश्न मुलीच्या दंडाचा नाही, गादीचा आहे, आणि तो शाळेत, नगरपालिकेत, क्रीडा कार्यालयात आपणच विचारायला हवा.

या खेळाची एक गंमत मला फार आवडते. एकाच खेळाडूचे लागोपाठ तीन प्रयत्न फसले की तिची स्पर्धा संपते. जिंकलेली मुलगीसुद्धा पट्टी आणखी वर लावायला सांगते आणि बहुतेक वेळा शेवटी ती पाडूनच थांबते. तेव्हा लेक मैदानावरून आली की नंबर नंतर विचारा. आधी विचारा, 'गेल्या वेळेपेक्षा किती वर गेलीस गं?'