आबांचे डिस्चार्ज बुक

आमचे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते. १९४२ साली भरती झाले आणि १९५७ साली पेन्शनीत निघाले. आपल्या समाजाच्या भरतीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच. पूर्वजांनी पलटणीत नाव काढले, तरी १८९० च्या दशकात इंग्रजांनी आपली भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडलीही. प. पू. बाबासाहेबांनी सरकारकडे आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी आबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून अनवाणी भरतीला गेले.

लढाईच्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. १९४७ साली पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांच्या बंदोबस्तावर होते. त्याबद्दल विचारले की उठून ओट्यावर जात. सांगत ते पलटणीतल्या शाळेचे. गावच्या शाळेत दोन वर्षे पायरीवर बसून जे आले नाही, ते पलटणीत आले. आधी रोमन उर्दू, मग मराठी.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जायला त्यांना रजा मिळाली नाही. ६ डिसेंबरची बातमी सागरला रेजिमेंटल सेंटरमध्ये कळली. घरी आल्यावर पहिले काम त्यांनी धम्मदीक्षेचे केले. दुसरे येसकरकी सोडण्याचे.

येसकराची पाळी तेव्हा भावकीत फिरत असे. आमच्या घराची पाळी आली तेव्हा आबांनी काठी चावडीत नेऊन ठेवली आणि मामलेदार कचेरीला स्वहस्ते अर्ज लिहिला. वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. ही गोष्ट त्याच्या आधीची. गावाने बलुत्याचे धान्य बंद केले, दुकानदाराने उधारी तोडली. तिघा भावांची तीन घरे आणि पेन्शन एक. आजी म्हणाली, “लढाई तुमची, अन् उपास लेकरांचा व्हय?” आबा गप्प राहिले. आजी दुसऱ्या दिवसापासून सडकेच्या कामावर खडी फोडायला गेली, ती वर्षभर. गावात आबांच्या काठीची गोष्ट अजून सांगतात, आजीच्या खडीची कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहीत आहोत.

२००४ साली आबा गेले. पत्र्याच्या ट्रंकेत दोन मेडले आणि डिस्चार्ज बुक निघाले. उंची, अंगावरची खूण, ‘कॅरॅक्टर : एक्झेम्प्लरी’, सगळे नीट. पण पत्नीचे नाव माहेरचे लागलेले, आणि रेशनकार्डावर सासरचे. तेवढ्यासाठी फॅमिली पेन्शन आठ महिने अडली. प्रतिज्ञापत्र, सागरच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, पुन्हा प्रतिज्ञापत्र. आम्ही कारकुनी करतो म्हणून निभावले. ज्यांच्या घरी वडील किंवा आजोबा सैनिकी पेन्शनीत आहेत, त्यांनी त्यांच्या हयातीतच डिस्चार्ज बुक, पेन्शनची ऑर्डर आणि पत्नीची कागदपत्रे शेजारी ठेवून नाव व जन्मतारीख जुळवून पाहावी. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. अर्ज कसा करायचा ते तेथे सांगतात.

पहिली फॅमिली पेन्शन घ्यायला आजीला बँकेत नेले, तेव्हा बाईंनी अंगठ्यासाठी शाईचे पॅड पुढे सरकवले. आजीने ते परत लोटले. त्या खडीच्या वर्षीच आबांनी तिला रोज रात्री कंदिलापाशी बसवून सही शिकवली होती. सही झोकात केली, पण माहेरच्या नावाची. फॉर्म दुसरा आणावा लागला.